‘त्यांच्या रक्तातच आहे’: गोदावरीबाईंचं पुस्तक आणि जनुकांचा प्रश्न

डहाणूत चार दिवस राहिलेल्या कोणालाही हे वाक्य ऐकायला मिळतं. वाडीतला गडी सोमवारी आला नाही, आगाऊ घेतलेले पैसे फिटले नाहीत, संध्याकाळी कोणी ताडीला बसलेला दिसला, की बोलणारा मान हलवून म्हणतो, ‘काय करणार, त्यांच्या रक्तातच आहे.’ बोलणारा दुष्ट असतो असं नाही. गड्याच्या मुलीच्या लग्नाला त्यानं पैसे दिलेले असतात, पावसाळ्यात कोणाला साप चावला तर स्वतः गाडी काढलेली असते. पण हे वाक्य उलगडून पाहिलं तर त्यात एक आख्खा सिद्धांत बसलेला दिसतो. वागणं जन्मतः येतं. ते एकट्यादुकट्याचं नसून सगळ्या जमातीचं असतं. ते बदलत नाही. आणि म्हणून त्याबद्दल कोणी काही करायचं कारण नाही. यातल्या पहिल्या विधानात थोडं तथ्य आहे. बाकीची तीन त्याच्या पाठीवर बसून आत येतात.

हल्ली वाक्याची भाषा तेवढी सुधारली आहे. ‘रक्ता’च्या जागी ‘जीन्स’ आले, ‘डीएनए’ आला. सिद्धांत तोच राहिला, फक्त त्याला प्रयोगशाळेचा कोट चढला. त्यामुळे ज्यांना हे वाक्य खटकतं ते जनुकशास्त्राचं नाव निघालं तरी सावध होतात, आणि जनुकशास्त्र वाचणाऱ्यांना ही सावधगिरी अडाणीपणाची वाटते. या लेखात मला या दोन्ही बाजूंची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची आहेत. एक इथलं, तलासरीच्या जंगलातलं. दुसरं कोलकात्याच्या एका घरात सुरू होणारं.

पहिलं पुस्तक उघड आहे: गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० साली ते निघालं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चळवळीचा इतिहास म्हणून ते पुष्कळ वाचलं गेलं, कम्युनिस्ट कार्यकर्तीचं आत्मकथन म्हणूनही. मला ते माणसाच्या स्वभावाविषयीचं पुस्तक वाटतं. शीर्षकातच तसा दावा आहे. जो जागा होतो तो आधी झोपलेला असतो, म्हणजे जागं असण्याची कुवत त्याच्यात होतीच. ती कोणी बाहेरून आणून घातली नाही.

गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत काम केलेल्या. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली आले होते, आणि तिथून शामराव आणि गोदावरीबाई यांचं या भागातलं काम सुरू झालं. त्या वेळी इथे वेठ होती, म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं, आणि ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवराबायकोनं मिळून त्याच्या घरी राबायचं. हिशेब सावकाराकडे, त्यामुळे कर्ज फिटायचं नाव नाही. पुष्कळदा जन्म त्यातच जायचा. हे कम्युनिस्टांनी रंगवून सांगितलेलं नव्हे. सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी १९३०च्या दशकाच्या अखेरीस जो अहवाल केला, त्यातही ही लग्नाची गुलामगिरी नोंदलेली आहे.

आता या माणसांच्या वागण्याबद्दल तेव्हाचे शहाणे काय म्हणत होते ते पाहा. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ साली निघालं. त्या गॅझेटियरांची एक पद्धत होती. प्रत्येक जातीजमातीची घरं, अन्न, पोशाख यांच्या जोडीला तिचा स्वभावही एका ओळीत सांगून टाकायचा. अमके कष्टाळू, तमके आळशी, अमके दारूचे शौकीन. झोपडीची उंची आणि माणसाचा स्वभाव एकाच फूटपट्टीनं मोजल्यासारखं. याच पट्ट्यात एका जमातीचं नावच ‘दुबळा’ आहे. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, शाळेत हजेरी घेताना ते मराठी कानाला जसं ऐकू येतं तसंच येतं. ‘रक्तातच आहे’ हे वाक्य बागाईतदारांनी शोधलेलं नाही. ते सरकारी छापखान्यातून आलं आहे.

गोदावरीबाईंचं उत्तर सिद्धांतानं दिलेलं नाही, आणि हीच पुस्तकाची ताकद आहे. त्या वकिलीणबाईसारखं लिहितात. कोण, कुठे, किती, मग काय झालं. वर्णनाचा सोस नाही, निसर्गाची आरती नाही. जो माणूस मालकाची सावली दिसली तरी अंग चोरतो, जो सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही, जो काम रेंगाळत करतो, तो असा का, हे त्या माणसाच्या दिवसाचा हिशेब मांडून दाखवतात. जन्मभर फुकट राबणाऱ्यानं चटपटीत का असावं? मालकाला खरं सांगितल्याबद्दल मार मिळत असेल तर खोटं बोलणं हा स्वभाव की शहाणपण? वाचता वाचता ‘आळशी’, ‘भित्रा’, ‘लबाड’ ही विशेषणं एकेक करून गळून पडतात, आणि लेखिकेनं ती गाळली असं कुठे म्हटलेलंही नसतं.

मग २३ मे १९४५. झरीला परिषद भरते, हजारो वारली येतात. वेठ करायची नाही, दिवसाला बारा आण्यांपेक्षा कमी मजुरीवर जायचं नाही, मारलं तर सोसायचं नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत वेठ थांबते, लग्नगडी मालकांची घरं सोडून चालू लागतात. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलीस गोळीबार करतात, जेठ्या गांगड आणि इतर चौघे मरतात, आणि तरीही संप मोडत नाही. वाद घालायचा तर इथे घालावा. जी ‘जन्मजात’ भित्री, तीच माणसं मे ते ऑक्टोबर एवढ्या काळात अशी वागली असतील, तर जन्मजात काय होतं? पाच महिन्यांत कोणाचीच जनुकं बदलत नाहीत.

दारूचंही तसंच आहे, आणि त्याचा इतिहास पुस्तकाबाहेर जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण ‘रक्ता’च्या वाक्याचा मुख्य पुरावा दारूच असतो. मोहाची दारू आणि ताडी या भागात पूर्वापार होत्याच. सणाला, लग्नाला, देवाला, कधी पोटाला. १८७८च्या अबकारी कायद्यानं घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं, मक्तेदारांची दुकानं आली, ताडीच्या झाडावर कर चढला. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. आपल्या दारातल्या झाडाचं फूल गोळा केलं तर शिक्षा, आणि मक्तेदाराच्या दुकानातून उधारीवर बाटली घेतली तर सरकारला महसूल. इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी १९९५च्या एका निबंधात हे सगळं ठाणे जिल्ह्यापुरतं नीट उकललं आहे. त्यातून दिसतं की पिणं आणि दारूबाज होणं या दोन गोष्टींच्या मधे एक सरकारी खातं उभं होतं.

आणि डेव्हिड हार्डिमन यांचं १९८७चं ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक तर या वादात साक्षीदार म्हणून बोलवावं असं आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत, देवीच्या साथीनंतर, अंगात येणाऱ्या सालाबाई नावाच्या देवीचा संचार सुरू झाला. तो डोंगराकडे सरकत दक्षिण गुजरातेत पोचेपर्यंत देवीच्या आज्ञा ठरून गेल्या होत्या: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्या पारशांशी व्यवहार तोडा. गावंच्या गावं एका बैठकीत पिणं सोडत गेली. काही गावांत ते पुन्हा सुरू झालं, काही ठिकाणी टिकलं. हार्डिमन यांच्या पुस्तकाचं मराठीत जेवढं वाचन व्हायला हवं होतं तेवढं झालेलं नाही याची चुटपुट लागते. ज्या आदिवासींना जन्माचे दारूडे म्हणतात त्यांनीच, स्वतःच्या देवीच्या तोंडून, दारूबंदी जाहीर केली होती.

एक छोटं उदाहरण आणखी. वारली चित्रं काढणं हे पिढ्यान्‌पिढ्या सवाष्णींचं काम. लग्नात पालघाट देवीचा चौक त्याच लिहीत, धवलेरी गात असे. १९७०च्या दशकात गंजाडच्या कळंबीपाड्यावरच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आणि ब्रश आला, आणि एका पिढीत या कलेतली नामवंत नावं बहुतेक पुरुषांची झाली. बायकांचा ‘उपजत’ हात कुठे गेला? जिव्यांबद्दल अशीही गोष्ट सांगतात की लहानपणी आई गेली तेव्हापासून ते काही वर्षं बोललेच नाहीत, धुळीत चित्रं काढून सांगायचं ते सांगायचे. आज असा मुलगा एखाद्या बालमानसतज्ज्ञाकडे नेला तर त्याच्या न बोलण्याला नाव मिळेल. तिथे त्याला धूळ मिळाली.

इथवर गोदावरीबाईंची बाजू भक्कम आहे. पण ‘जेव्हा माणूस जागा होतो’ दुसऱ्यांदा, सावकाश वाचताना मला एक माणूस त्यात सापडत नाही. झरीची परिषद झाली, वेठ गेली, मजुरी वाढली, सगळं पाडं जागं झालं, आणि तरीही जो जागा झाला नाही तो. ज्याला विसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. जो सहा महिने उदास बसून असतो आणि मग तीन रात्री झोपतच नाही. असे लोक प्रत्येक पाड्यात असणार, कारण ते जगातल्या प्रत्येक समाजात असतात. त्यांच्या दुःखाचं कारण सावकार नाही. पुस्तकाच्या स्पष्टीकरणात त्यांना जागा नाही, आणि हा काही विसरभोळेपणा नाही. सगळं वागणं परिस्थितीतून आलेलं आहे असं दाखवत गेलं की जे परिस्थितीतून येत नाही ते दिसेनासं होतं.

याची किंमत असते. एखाद्याच्या मनाच्या आजाराला शरीरात, वंशात कारण नाही असं ठरवलं की मग कोणाला तरी दोषी धरावं लागतं. अमेरिकेत १९४८पासून पुढची काही दशकं स्किझोफ्रेनियाचं खापर रुग्णाच्या आईवर फोडलं गेलं. फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी तशा आईसाठी खास शब्दच काढला होता. हजारो बायकांना डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या वागण्यानं मुलगा असा झाला. पाड्यावर हीच गोष्ट भगताच्या तोंडून होते. कोणी तरी केलंय, आणि ते कोणी तरी म्हणजे बहुतेक वेळा शेजारची एकटी बाई, भुताळी. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तो अशाच बायकांच्या अंगावरच्या खुणांमुळेही. दोन्ही ठिकाणी ‘आजार अंगातून आला, कोणी आणला नाही’ हे वाक्य सुटकेचं ठरलं असतं.

इथे दुसरं पुस्तक येतं, सिद्धार्थ मुखर्जींचं २०१६चं ‘द जीन’. ते सुरूच होतं घरातल्या वेडापासून. वडिलांचे दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ, तिघांची मनं वेगवेगळ्या तऱ्हेनं विस्कटलेली. आजीचा समज असा की फाळणीनं हे केलं. मुखर्जी आजीचा मान राखतात, पण वंशवृक्षावर बोट ठेवतात: एक काका तर फाळणीच्या आधीच गेला होता, आणि चुलतभाऊ त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला. लग्न करायचं ठरल्यावर मुखर्जींनी हे सगळं त्या मुलीला आधी सांगितलं. पुस्तकातली ही जागा मला त्यातल्या सगळ्या शास्त्रीय उलगड्यांहून मोलाची वाटते. आपल्याकडे स्थळ बघताना हे लपवतात, आणि लपवलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं.

मुखर्जींची बाजूही खरी आहे. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारण लोकांत साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलांत हे प्रमाण दहाच्या आसपास जातं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. हे आकडे संगोपनानं उडवून लावता येत नाहीत. दारूच्या व्यसनाबद्दलही जुळ्यांचे अभ्यास हेच सांगतात की माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे.

‘निम्मा वाटा’. हे ऐकल्यावर व्हरांड्यातला माणूस म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो? नाही, तो हे म्हणत नव्हता. या ‘वाट्या’चा अर्थ भाताच्या उदाहरणानं सांगता येईल, मूळ कल्पना अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांची, मी फक्त ती डहाणूत आणतो. एका सुपातलं मिसळीचं बियाणं घ्या. अर्धं खाचरात पेरा, राब भाजून, पाणी धरून. अर्धं वरकस उतारावर टाका. खाचरातल्या खाचरात काही रोपं उंच येतील, काही बुटकी. जमीन एकच असल्यामुळे तिथला फरक सगळा बियाण्याचा. उतारावरही तसंच. म्हणजे दोन्ही ठिकाणी उंची शंभर टक्के आनुवंशिक. पण खाचर आणि उतार यांच्यातला जो ढळढळीत फरक आहे, तो शंभर टक्के जमिनीचा. एका शेतातला आकडा घेऊन दोन शेतांची तुलना करता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासातला ‘निम्मा’ हा एका शेतातला आकडा आहे, आणि त्यावरून वारल्यांबद्दल किंवा बागाईतदारांबद्दल काहीही निघत नाही.

दुसरंही एक आहे. शेत बदललं की तो आकडाही बदलतो. एरिक टर्कहायमर यांनी २००३ साली अमेरिकेतल्या जुळ्यांची बुद्धिमापनं तपासली तेव्हा सुस्थितीतल्या घरांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला आणि अगदी गरीब घरांत जवळजवळ शून्य. युरोपातल्या देशांत असा फरक आढळला नाही. तिथे गरिबी तितकी खोल जात नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. लग्नगड्याच्या मुलात कुठली जनुकं काय करू शकली असती हे कळायला आधी त्याला लग्नगड्याचा मुलगा राहून चाललं नसतं. गोदावरीबाईंनी टर्कहायमर वाचण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्यांच्या पुस्तकाचा युक्तिवाद या निष्कर्षाच्या शेजारी निवांत बसतो.

डहाणू-तलासरीत ‘आनुवंशिक’ हा शब्द सरकारी आरोग्य खात्यामार्फत आला तो सिकलसेलच्या निमित्तानं, आणि त्यातून एक घोळ होतो. सिकलसेल एका जनुकाचा आजार. आई वाहक, वडील वाहक, तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. तपासणी होते, कार्ड मिळतं, लग्न जुळवताना कार्डं पाहायला सांगतात. जुलै २०२३मध्ये केंद्रानं याची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. उपयोगी काम आहे. पण त्यातून मनात जो नमुना ठसतो तो असा: आजार म्हणजे एक खराब जनुक, ते असतं किंवा नसतं, आणि कार्डावर दिसतं. मनाचे आजार असे नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेली जनुकसंचातली २८७ ठिकाणं सापडली, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. त्यातली कित्येक तुमच्याआमच्यातही आहेत आणि आपण बरे आहोत. शिवाय अशा अभ्यासांत रक्त दिलेले लोक बहुसंख्येनं युरोपीय वंशाचे असतात. त्यावरून काढलेला जोखमीचा अंदाज त्यांच्यातच जेमतेम उपयोगी, तो वारली मुलाला लावणं म्हणजे कोल्हापूरच्या पावसाच्या अंदाजावर डहाणूत भात लावणं.

एकेकाळी एका जनुकाच्या गोष्टी मनाच्या बाबतीतही फार गाजल्या. सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार आणि आयुष्यातले आघात यांनी मिळून नैराश्य येतं, असं २००३ साली सांगितलं गेलं आणि पुढची पंधरा वर्षं त्यावर ढिगानं लेखन झालं. २०१९ साली लाखो लोकांची माहिती तपासून पाहिली तेव्हा त्यात काही हाती लागलं नाही. वर्तमानपत्रांतून मात्र ‘नैराश्याचं जनुक’ अजून भेटतं.

‘रक्ता’च्या वाक्याला सत्ता मिळाली की काय होतं तेही सांगायला हवं, आणि त्यात एक मराठी बाई उभी आहे. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र हे नावातच असलेल्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. काम कवट्या मोजण्याचं. गोऱ्यांच्या कवटीची असमानता वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वेगळी, अशी गुरूची धारणा. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि वंशावंशांत तसा फरक आढळत नाही असं लिहून दिलं. १९३३ साली जर्मनीत कायदा झाला आणि ‘आनुवंशिक’ आजारांच्या लोकांची सक्तीनं नसबंदी सुरू झाली. यादीत स्किझोफ्रेनिया होता. सुमारे चार लाख लोकांवर ती झाली, पुढे मनोरुग्णांना मारण्यात आलं. युद्धानंतर तिथे स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. एवढं करून त्यांचा जनुकांचा हिशेबसुद्धा चुकला होता.

मुखर्जींचं पुस्तक हा सगळा इतिहास जाणतं, ते भाबडं नाही. तरी त्याच्या घरातली गोष्ट वाचताना मला सारखी एक गोष्ट जाणवते. जग्गूकाकाला राहायला घर होतं आणि संभाळायला आई होती. घरात आजारी माणसाला बसवून ठेवण्याएवढी ऐपत होती. जनुकांनी आजार दिला असेल, पण तो आजार घेऊन माणूस कसा जगला हे जनुकांनी ठरवलं नाही, आणि या दुसऱ्या भागाकडे पुस्तक वळतच नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा ‘देवराई’ तिकडे वळला होता, म्हणून तो अजून लक्षात आहे. स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण. पण तेही घर शहरातलं, डॉक्टर गाठता येणारं. मराठीत मनाचा आजार बहुधा मध्यमवर्गीय दिवाणखान्यात होतो आणि आदिवासीला शोषण होतं. दोघांची अदलाबदल सहसा होत नाही.

ती होऊ नये याची व्यवस्था कागदोपत्रीही दिसते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं घेतली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होता, म्हणजे तलासरीवरून चार मैल पुढे गेलं असतं तर मोजणी सापडली असती. उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण त्या सर्वेक्षणात बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांच्या वर आढळलं. तलासरीहून ठाण्याचं १९०१ सालचं मनोरुग्णालय शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जवळ गोळ्या मिळणं अपेक्षित आहे. वीटभट्टीवर, बोटीवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या माणसानं महिन्याच्या ठरलेल्या वारी परत यावं हेही त्यात गृहीत आहे.

कायद्याची एक गंमतही सांगतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये एक कलम आहे: वधूवरांपैकी कोणी विवाहाला आणि संततीला अपात्र ठरेल इतका मनोविकार असलेला नसावा. ‘संततीला’ या शब्दात तो जुना वंशाचा संशय अजून बसलेला आहे. पण हा कायदा अनुसूचित जमातींना, केंद्रानं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. म्हणजे ज्यांच्या ‘रक्ता’बद्दल सगळा गाव बोलतो त्या वारल्यांवर ही अट नाही, आणि बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांवर आहे.

प्रश्न मात्र पाड्यावरही तोच विचारला जातो, आणि विचारणारी बहुतेक वेळा सून असते: नवऱ्याला आहे, पोरांना होईल का? याचं उत्तर द्यायला दोन्ही पुस्तकं लागतात. होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, हे लपवू नये. शंभरातल्या नव्वदांना होत नाही, हे तेवढ्याच मोठ्यानं सांगावं. तुझ्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, शेजारणीनं केलेलं नाही. पोरगा सतरा-अठराचा झाला, एकटा बसायला लागला, झोप उडाली, तर भगताकडे जायचं तर जा, पण त्याच आठवड्यात दवाखान्यातही ये. मग ती दुसरा प्रश्न विचारते, की गेल्या खेपेला गोळ्या संपल्या होत्या, या खेपेला आहेत का.